कोलेको अ‍ॅडम घेताय? आधी टेप बाहेर काढा

कोलेको कंपनीचा अ‍ॅडम हा घरगुती संगणक १९८३ च्या शेवटी बाजारात आला आणि जानेवारी १९८५ मध्ये कंपनीने हात टेकले. आज घ्यायचा तर प्रिंटरसकटच घ्या. वीजपुरवठा प्रिंटरच्या पोटात आहे, त्यामुळे नुसता कन्सोल आणि कीबोर्ड चालूच होत नाही. विकणारा म्हणेल, ‘प्रिंटर जड आहे, पाठवायला महाग पडेल, राहू दे.’ राहू देऊ नका. प्रिंटर आणि कन्सोल जोडणारी केबलही मागून घ्या. कीबोर्डचं तुम्ही बघालच.

आता टेप. अ‍ॅडमचं बेसिक, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, रॉममध्ये (यंत्रातल्या कायमच्या मेमरीत) नाही, ते डेटा पॅक नावाच्या टेपवरून चढवावं लागतं. पॅक दिसतो साध्या कॅसेटसारखा, पण कारखान्यातूनच फॉरमॅट होऊन यायचा, त्यामुळे घरातली कोरी कॅसेट तशीच चालत नाही. आणि यंत्र चालू करताना असा चुंबकीय झटका बसतो की ड्राइव्हमधली टेप पुसली जाऊ शकते. माझी तशीच गेली. यंत्र घरी आलं, मी घाईघाईने प्लग लावला आणि प्रिंटरच्या मागचं बटण दाबलं. ड्राइव्हचं दार उघडून बघितलंच नाही. आत आधीच्या मालकाची बेसिकची टेप होती. रीसेट केलं, टेप फिरली, थांबली, आणि पडद्यावर पुन्हा नुसता टाइपरायटर, म्हणजे टेप वाचता आली नाही की यंत्र जे दाखवतं ते. इतकी वर्षं जपलेली टेप एका बटणाने गेली. अजून रुखरुख लागते.

म्हणून विकणारा ‘चालू करून दाखवतो’ म्हणाला की त्याचा हात थांबवा. दार उघडा. टेप असेल तर काढा आणि यंत्रापासून लांब ठेवा, ड्राइव्हच्या वर ठेवू नका. आधी यंत्र चालू, मग टेप आत, मग रीसेट. बंद करताना उलट: आधी टेप बाहेर, मग बटण. एखाद्या जुन्या पुस्तिकेत आधी टेप घालायला सांगितलेलं दिसलं तरी ऐकू नका. आणि टेप वाचली जातेय तोवर तिची प्रत करून ठेवा.

अमेरिकेतलं यंत्र भारतात नेणार असाल तर व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, थेट २३० व्होल्टवर लावलंत तर संपलं. ड्राइव्हमधलं टेप वाचणारं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टीव्ही चॅनेल ३ किंवा ४ वर लावा. प्रिंटरची रिबन, अक्षरांचं चाक सवडीने.

दार उघडून बघितलंत ना? दुसरा ड्राइव्ह असेल तर त्याचंही बघा.