नव्या श्वसन-विषाणूचा देशोदेशीचा माग कसा ठेवावा
पुण्यात बसून ही नोंद ठेवताना जागतिक आरोग्य संघटनेची निवेदने आणि त्या त्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाची पत्रके हाच आधार धरावा. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतला आकडा कधीही उतरवू नये. लक्षणे सुरू झाल्याची आणि रुग्ण जाहीर झाल्याची तारीख वेगळ्या रकान्यांत लिहावी, कारण चाचण्यांचे साठलेले निकाल एकाच दिवशी आले, की साथ उसळल्याचा भास होतो. सर्वांत मोलाचा रकाना संसर्गाच्या उगमाचा: ९ मार्च २०२० रोजी पुण्यात निदान झालेले पहिले दोन कोरोनारुग्ण दुबईहून परतलेले होते, म्हणून ती नोंद बाहेरून आलेल्या संसर्गाची; प्रवास किंवा ज्ञात रुग्णाशी संपर्क नसलेल्यांना लागण होऊ लागली, की मात्र स्थानिक प्रसाराची शक्यता गांभीर्याने घ्यावी. शून्य रुग्ण दाखवणाऱ्या देशापुढे तेथे चाचण्या किती होतात, हेही लिहावे.