मिररलेस कॅमेरा वापरताना या चुका टाळा

नाशिकच्या गोदाघाटावर संध्याकाळच्या आरतीचे फोटो काढून घरी येऊन पाहावं, तर निम्म्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे! सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, गेला असं समजून थेट सर्व्हिस सेंटर गाठू नका. आधी शटरचा मेनू उघडा. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर चालू ठेवलेलं असतं आणि घोळ बहुधा तिथेच असतो.

हे शटर सेन्सर एकदम वाचत नाही, ओळीमागून ओळ वाचतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण दिवा मंदावला त्या क्षणी वाचलेल्या ओळी काळपट येतात. मेकॅनिकल शटर, म्हणजे खऱ्या पडद्याचं शटर, लावा आणि शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा. डिजिटल फलकांची गोष्ट वेगळी. तिथे वेग थोडा थोडा बदलून पाहावा लागतो.

नांदूरमध्यमेश्वरला उडत्या बदकाचे पंख वाकडे दिसतात, तेही सेन्सर ओळीमागून ओळ वाचला जातो म्हणूनच. पक्ष्यांसाठी मेकॅनिकल शटरच बरं. म्हणून छोटी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेण्याआधी तिच्यात ते आहे का, हे विचारून घ्या. सिग्मा एफपीसारख्या कॅमेऱ्यात ते मुळातच नाही.

दुसरी चूक, स्टॅबिलायझेशनवर नको इतका भरवसा. ते हाताची थरथर सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. १/१५ ला घाटाच्या पायऱ्या रेखीव येतील, पण रामकुंडात डुबकी मारणारा माणूस पुसटच येणार. त्याच्यासाठी किमान १/२५० हवा. आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नका. थोडा नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, काढता येतो, हललेला फोटो सुधारत नाही.

पहाटेच्या अंधारात व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची छोटी स्क्रीन, फसवतो. चित्र उजळ दिसतं आणि फोटो मात्र काळा निघतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, चालू ठेवा.

अंजनेरीच्या पठारावर, भर वाऱ्यात लेन्स बदलणं टाळाच. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो, धूळ सरळ त्यावर बसते. शंका आली तर लेन्सचं छिद्र बारीक करून, म्हणजे एफ/१६ ठेवून, मोकळ्या आकाशाचे दोन-तीन फोटो घ्या. डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी असतील तर धूळच आहे. कॅमेरा बंद करून लेन्स काढा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा आणि ब्लोअर मारा. तोंडाने फुंकर अजिबात नको, थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा चिवट.

पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला जाताना एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, काचेवर वाफ धरते. बॅग बंदच ठेवून अर्धा तास थांबा. घरी आल्यावर ओल्या बॅगेत लेन्स राहू देऊ नका, बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, सोबत आर्द्रतामापक असू द्या. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. त्यावर गेला की जेल बदला किंवा वाळवून घ्या.