पिकअपची चासी केबिनच्या मागेच का वाकते?

अमेरिकेत पिकअपवर कॅम्पर (हौद्यात बसवायची राहण्याची खोली) चढवून आणि मागे ट्रेलर जोडून फिरणाऱ्या गाड्यांची चासी बहुतेक वेळा एकाच जागी वाकते: केबिन आणि हौदा यांच्यामधल्या फटीखाली, मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरच्या, म्हणजे पाट्याचं पुढचं टोक चासीला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या, आसपास. वजन जास्त झालं म्हणून मोडली, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. वजन अ‍ॅक्सलच्या मागे किती लांब लटकतंय, हे आधी बघायला हवं.

अ‍ॅक्सलच्या मागे टाकलेला भार गाडी उलाळ करायला बघतो. बैलगाडीत अशा वेळी जू वर उठतं. पिकअपमध्ये पुढे इंजिन बसलेलं असल्यामुळे नाक सहजी उचलत नाही, आणि मधली चासी वाकते. तिची वरची कड ताणली जाते, खालची दाबली जाते. वर तडा जातो, खाली पत्रा चुरगळतो.

आकडेच मांडू. ट्रेलरचा बॉलवरचा (ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकवतात त्याच्यावरचा) भार 800 पौंड (सुमारे 363 किलो) आणि बॉल अ‍ॅक्सलच्या 4 फूट मागे, तर अ‍ॅक्सलपाशी चासीला वाकवणारा जोर 3,200 फूट-पौंड. आता कॅम्परचं ढुंगण हौद्याबाहेर आलं म्हणून 3 फुटांचं हिच एक्स्टेन्शन (ट्रेलरची जोडणी, म्हणजे हिच, मागे लांबवणारा दांडा) लावलं. अंतर 7 फूट, जोर 5,600. ट्रेलर तोच, भार तोच. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 140 इंच असेल तर पुढच्या चाकांवरचं वजन 274 ऐवजी 480 पौंडांनी हलकं होतं आणि मागच्या अ‍ॅक्सलवर 1,280 पौंड येतात. हे उभ्या गाडीचं गणित झालं. खड्ड्यात आपटून भार क्षणभर दुप्पट झाला, तर 5,600 चे 11,200 होतात. कॅम्परचं स्वतःचं लटकणं यात धरलेलंच नाही. म्हणूनच एक्स्टेन्शन लावलं की हिचची क्षमता घटते. किती, ते त्याच्या उत्पादकाच्या तक्त्यात बघा, हिचवरच्या स्टिकरवर विसंबू नका.

दुसरा गुन्हेगार म्हणजे सस्पेन्शनची एअरबॅग. मागची बाजू बसली की लोक पाट्यांच्या जोडीला हवेच्या पिशव्या लावतात आणि गाडी सरळ दिसली की खूश होतात. पाटा आपला भार चासीला दोन ठिकाणी देतो, पुढच्या हँगरला आणि मागच्या शॅकलला (पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या झुलत्या कडीला). पिशवी मात्र अ‍ॅक्सलच्या डोक्यावर एकाच बिंदूत ढकलते. हवा भरपूर भरली की पाटे मोकळे पडतात आणि सगळा भार त्या एका टेकूवर तोलला जातो. पिशवी लावायला हरकत नाही, पण हवा गाडी जेमतेम सरळ होईल इतकीच भरा. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा: पिशवीने गाडीची मंजूर वजनमर्यादा एका पौंडानेही वाढत नाही.

ही मर्यादा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते. पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवरचा आकडा माणसं आणि सामान मिळून आहे. समजा तो 3,400 पौंड आहे. रिकामा कॅम्पर 2,400, पाणी 30 गॅलन म्हणजे 250 (गॅलनला 8.34 पौंड), दोन भरलेले गॅस सिलिंडर 75, सामानसुमान 400, दोन माणसं 320. बेरीज 3,445. ट्रेलर जोडायच्या आधीच 45 पौंड वर! कॅम्परच्या जाहिरातीत छापलेलं वजन बहुधा कोरडं, म्हणजे पाणी-गॅस-सामानाशिवायचं, असतं, त्यावर हिशोब करू नये.

बेरजेवरही न थांबता काट्यावर जा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळं मिळतं. एकदा ट्रेलरसकट आणि एकदा नुसत्या गाडीचं वजन करा. दोन्ही वेळी पाण्याची टाकी भरलेली आणि माणसं आत बसलेली हवीत. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा दारावरच्या अ‍ॅक्सल-मर्यादेच्या आत हवा, आणि पुढचा फार घटलेला नको.

कॅम्पर निवडताना त्याचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे पडतो का, हे टेपने मोजा. खूण कॅम्परच्या कडेला असते. तुमच्या ट्रकसाठी चालणारा पट्टा ट्रकसोबतच्या कागदपत्रांत दिलेला असतो. साडेपाच फुटी हौद्यावर आठ फुटी कॅम्पर बसवण्याचा हट्ट इथेच अंगाशी येतो.

चासी वाकायला लागली की नाही, हे कळायला सोपी युक्ती आहे. केबिन आणि हौद्यामधली फट गाडी रिकामी असताना वर आणि खाली, दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. भार चढला की वरची फट थोडी रुंदावते, खालची अरुंद होते. चासी लवचिकच असते. भार उतरवल्यावर माप पूर्वीच्या जागी आलं नाही, तर चासी कायमची वाकली. तडा शोधायचा तर हँगरचे रिव्हेट आणि भोकांच्या कडा बघा: रंगावर केसासारखी गंजाची रेघ दिसली की जागा घासून साफ करा, लाल डाय पेनिट्रंट (तड्यात झिरपणारा रंग) फवारा, डब्यावर दिलेला वेळ थांबा, पुसा आणि पांढरा डेव्हलपर मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे हातोडीने ठोकूनही बघा. चांगलं लोखंड खणकतं, कुजलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे सोडतं. टोयोटाने टाकोमा, टुंड्रा आणि सेक्वोयाच्या गंजलेल्या चासींच्या दाव्यात 2016 मध्ये तडजोड केली, त्यामुळे गंज ही फक्त जुन्या खटाऱ्यांची भानगड समजू नका.

कॅम्परच्या बांधणीसाठी किंवा हिचसाठी चासीच्या वरच्या-खालच्या कडेला भोक पाडू नका. पाडायचंच तर उभ्या भिंतीत, आणि तेही ट्रक कंपनीच्या बॉडी बिल्डर गाइडमध्ये (गाडीवर काय बदल चालतात ते सांगणाऱ्या पुस्तकात) परवानगी असेल तिथेच. तडा गेल्यावर नुसती वेल्डिंगची रेघ ओढून भागत नाही. आजच्या मजबूत पोलादाला ताव लागला की वेल्डशेजारचा भाग कमजोर होतो आणि पुढचा तडा तिथूनच निघतो. कंपनी वेल्डिंगला परवानगी देते का, हे आधी पाहा. नसेल तर चासी बदलणं किंवा गाडी काढून टाकणं, एवढंच उरतं.