जोरात रेस देताना ऑइलचा दिवा लागतो? या चुका टाळा

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावर पातलीपाड्याच्या उड्डाणपुलाचा चढ सुरू होतो, पुढे रस्ता मोकळा दिसतो म्हणून आपण मोटारसायकलचा ॲक्सिलरेटर पूर्ण पिळतो, आणि नेमका त्याच क्षणी मीटरमधला ऑइलचा लाल दिवा चमकून जातो. रेस कमी केली की तो विझतो. दिवा विझला म्हणजे प्रश्न मिटला असे मानणे ही पहिली चूक, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी हीच.

बहुतेक मोठ्या मोटारसायकलींमध्ये हा दिवा ऑइलच्या दाबाशी जोडलेला असतो. इंजिनवर बसवलेला एक लहानसा स्विच दाब फार खाली गेला की दिवा लावतो. म्हणूनच इंजिन बंद असताना किल्ली फिरवल्यावर तो लागायला हवा आणि इंजिन सुरू होताच काही क्षणांत विझायला हवा. किल्ली फिरवूनही तो लागतच नसेल, तर त्याच्या गप्प राहण्याला काहीच अर्थ नाही.

दुसरी चूक म्हणजे ‘इंजिन तापले असेल’ हे एकच कारण सगळीकडे लावणे. मे महिन्यात कापूरबावडीच्या सिग्नलवर गाडी बराच वेळ मंद चालत उभी असताना दिवा मिणमिणला, तर तापून पातळ झालेले ऑइल आणि पंपाची मंद गती यांमुळे दाब उतरला असण्याची शक्यता असते. तेही तपासून घ्यावेच. पण जोरात रेस देताना परिस्थिती उलटी असते. ऑइल पंप इंजिनच्याच फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे फेऱ्या वाढल्या की दाब वाढला पाहिजे. तो वाढायच्या ऐवजी पडत असेल, तर पंपापर्यंत ऑइल पोहोचत नाही, अशी शंका आधी घ्यावी. गाडी झपाट्याने पुढे झेपावते तेव्हा तळातले ऑइल मागे सरकते; पातळी कमी असेल तर पंप जिथून ऑइल ओढतो ती जाळी उघडी पडते आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढू लागतो. चढावर हे आणखी लवकर घडते.

येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. काही गाड्यांतील दिवा दाबाचा नसून ऑइलच्या पातळीचा असतो. यामाहाच्या काही मॉडेलांच्या माहितीपुस्तिकेत तर स्पष्ट लिहिलेले आहे, की चढावर किंवा अचानक वेग वाढवताना-कमी करताना, ऑइल पुरेसे असूनही हा दिवा लुकलुकू शकतो. आपला दिवा कोणत्या जातीचा, हे पुस्तिका उघडून पाहावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

पातळी पाहण्यातली चूक मी स्वतः केली आहे. आमच्या इमारतीखालच्या पार्किंगची फरशी पाणी वाहून जावे म्हणून उतरती आहे, हे मला रोज दिसत असूनही मी तिथेच गाडी सरळ धरून इंजिनच्या काचेतून ऑइल पाहत असे आणि ते दोन खुणांच्या बरोबर मध्ये दिसे. शेवटी एके दिवशी फाटकाजवळ बाटलीतले थोडे पाणी जमिनीवर ओतले, ते जिथे कोणत्याच बाजूला वाहिले नाही तिथे गाडी उभी केली, पहारेकरी काकांना हँडल धरायला सांगितले आणि वाकून पाहिले, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होते. साइड स्टँडवर पाहिले तर फसगत याहून मोठी होते. इंजिन थोडे गरम करून बंद करावे, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मगच पाहावे.

कमी दिसले म्हणून भसकन ओतूही नये. वरच्या खुणेपलीकडे गेलेले ऑइल क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, फिरण्याने घुसळले जाऊन फेसाळू शकते, आणि फेसाळलेल्या ऑइलने दाब टिकत नाही. मोटारीचे उरलेले ऑइल तर मुळीच घालू नये. ओला क्लच, म्हणजे इंजिनच्या ऑइलमध्येच बुडून चालणारा क्लच, घसरू नये म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हा जपानी दर्जाचा शिक्का असल्याची खात्री करावी.

ऑइल बदलल्यानंतर लगेच दिवा दिसू लागला असेल, तर फिल्टर उलटा बसला आहे का, त्याची ओ-रिंग (रबरी कडी) बसवायची राहिली आहे का, हे आधी पाहावे. गळती होऊ नये म्हणून झाकणाला सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे सुटून जाळीवर बसतात, तेव्हा पातळी अचूक असूनही पंप उपाशी राहतो. स्विचची वायरही विसरू नये: रेस देताना इंजिन हलते, आणि सोललेली वायर त्याला टेकली की दिवा खोटा लागतो. किल्ली चालू ठेवून ती वायर स्विचवरून काढावी. तरीही दिवा जळत राहिला, तर दोष वायरमध्ये आहे.

दिवा लागून राहिला, तर ‘कासारवडवलीपर्यंत जाऊ, मग बघू’ असे करू नये. क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि गाडी वेगाच्या ओघात डाव्या कडेला घ्यावी, कारण बेअरिंगमधला ऑइलचा थर तुटल्यावर धातू धातूवर घासायला फार वेळ लागत नाही. पातळी आणि वायर दोन्ही ठीक निघाल्यास मेकॅनिककडून स्विचच्या जागी दाब मोजणारे गेज लावून, गरम इंजिनवर, पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांना दाब मोजून घ्यावा. तोपर्यंत गाडी चालवत नेऊ नये, टेम्पोत घालून न्यावी.