बालकथेला प्रकाशक शोधताना

माझी मुंगीची गोष्ट सहा ठिकाणांहून साभार परत आली. नंतर नीट पाहिलं, तर त्यातले चार प्रकाशक चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी काही काढतच नव्हते. म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी वाचनालयात पाठवते. आपल्या गोष्टीची सख्खी भावंडं वाटावीत अशी वीसेक पुस्तकं काढा, गेल्या दोन-तीन वर्षांतलीच, आणि प्रकाशकांची नावं वहीत उतरवा. ऋणनिर्देशात संपादकाचं नाव असेल तर तेही. जे नाव पुन्हा पुन्हा येईल, तिथून सुरुवात करा.

गोष्ट चित्रपुस्तकाची असेल तर बाड पाठवण्याआधी आठ कोरे कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा. ३२ पानांची वही होते. छपाईचा मोठा कागद घडी घालून १६ पानांचा होतो, म्हणून बरीचशी चित्रपुस्तकं अशा दोन कागदांची, म्हणजे ३२ पानांची असतात. सुरुवातीची तीन-चार पानं शीर्षक आणि श्रेयनामावलीला सोडा, उरलेल्या पानांवर गोष्टीची वाक्यं कापून चिकटवा. माझी मुंगी सहाव्या पानापासून अकराव्यापर्यंत वारुळातच बसून होती. तिथे चित्रकाराने नवं काय काढायचं? दहा वेळा वाचूनही हे मला दिसलं नव्हतं, वहीत लगेच दिसलं. मग निम्मे शब्द गेले. चित्रपुस्तकाला ५०० शब्द पुष्कळ होतात. ही वही आपल्यासाठी. पाठवायची ती साधी टाइप केलेली गोष्ट. चित्रंही स्वतः पैसे देऊन काढून घेऊ नका, चित्रकार सहसा प्रकाशकच निवडतो.

सोबतचं पत्र अर्ध्या पानाचं पुरे: गोष्टीचं नाव, वयोगट, शब्दसंख्या, दोन ओळींत गोष्ट, आणि त्यांच्या कोणत्या पुस्तकांमुळे ती त्यांच्याकडे पाठवावीशी वाटली. घरातल्या मुलांना फार आवडली, हे लिहू नका. प्रत्येकाचे नियम वेगळे असतात, ते अक्षरशः पाळा. काही प्रकाशक एजंटमार्फतच, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी बोलणाऱ्या मध्यस्थामार्फतच, बाड घेतात. एजंट लेखकाच्या कमाईतून साधारण १५ टक्के घेतो, आधी काही मागत नाही. उत्तराला तीन ते सहा महिने सहज लागतात. नियमांत बसत असेल तर एकाच वेळी अनेकांकडे पाठवा, पण तसं पत्रात सांगा, आणि एकाचा होकार आला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा.

एका ठिकाणाहून मला फार गोड पत्र आलं होतं. शेवटच्या ओळीत छपाईचा निम्मा खर्च माझा, असं होतं. मी नकार कळवला. पारंपरिक प्रकाशक संपादन, चित्रं, छपाई, सगळा खर्च स्वतः करतो आणि लेखकाला पैसे देतो.

करार आला की आनंदात लगेच सही करू नका. अनुवाद, ध्वनिपुस्तक, चित्रपट यांचे हक्क एकेक करून वाचा. पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क आपल्याकडे कधी परत येतात, ते शोधा. आणि रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, छापील किमतीवर आहे की विक्रेत्याची सवलत वजा जाता उरलेल्या रकमेवर, ते वाक्य सापडलं नाही तर प्रकाशकाला विचारून लिहून घ्या.