उरल्यासुरल्या सामानातून आठवणींची वही: या चुका टाळा

धाकट्या बहिणीच्या लग्नानंतर घरात सामानाचा ढीग पडला होता. साठ-सत्तर पत्रिका उरलेल्या, रुखवतावरचा सोनेरी कागद, आहेराच्या साड्यांच्या खोक्यांतले पुठ्ठे, ब्लाउज शिवून राहिलेले काठ, मुंडावळ्यांचे सुटे मोती. टाकवेना म्हणून त्यातून मी लग्नाची स्क्रॅपबुक केली. बाजारातून काही आणावं लागलं नाही आणि घरात सगळ्यांना ती आवडली.

दोन पावसाळे गेले. दिवाळीच्या साफसफाईत वही उघडली, तर पत्रिकेच्या पानावर चिकटवलेल्या अक्षतांना पोरकिडे झाले होते. सेलोटेप लावलेल्या जागी तपकिरी डाग पडले होते. आणि समोरासमोरच्या पानांवरचे दोन फोटो एकमेकांना घट्ट चिकटले होते. त्यातला एक बाबांचा होता, पाठवणीच्या वेळचा. मी घाईने पान ओढलं आणि त्यांचा अर्धा चेहरा समोरच्या फोटोवर निघून गेला. त्या फोटोची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. सजावट हवी तेवढी उरलेल्या सामानाची करावी. पण फोटोला जे जे टेकतं, म्हणजे खालचा कागद, चिकटवायची वस्तू आणि वरचं प्लास्टिक, ते तीन मात्र निवडून घ्यायचं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका हा नियम मोडल्याने होतात.

फोटो थेट चिकटवणे

सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं. सेलोटेपचा आणि स्वस्त दुहेरी टेपचा चिकटपणा काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात झिरपतो आणि टेप गळून पडली तरी डाग राहतो. लाकडाला लावतात तो पांढरा गोंद पातळ कागदाला सुरकुत्या पाडतो, शिवाय वाळल्यावर फोटो परत काढायची सोय राहत नाही. घरची मैद्याची खळ कागदाला चांगली, पण कसरीला ती मेजवानीच वाटते. बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. वहीच्या पाठीला ते ठीक आहे, पण मोरचूद घातलेली खळ फोटोजवळ आणू नका. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिनाही नकोत, आपल्याकडच्या दमट हवेत त्यांना गंज चढतोच.

यावरचा उपाय जुन्या अल्बमांत दिसतो: कोपरे. ते घरी करायला एक मिनिटही लागत नाही. चांगल्या पांढऱ्या कागदाची ४ सेंटीमीटर लांब आणि २ सेंटीमीटर रुंद पट्टी आडवी धरा. वरच्या कडेच्या बरोबर मध्यावर बोट ठेवा आणि वरचे दोन्ही कोपरे तिरके खाली दुमडा, म्हणजे ते खालच्या कडेच्या मध्यावर एकमेकांना भेटतील. त्रिकोणी खिसा तयार होतो, त्याचं तोंड खाली उघडं असतं. फोटोचा कोपरा त्या तोंडात सरकवायचा. दुमडलेली बाजू पानाकडे ठेवायची आणि तिथे गोंदाचा बारीक ठिपका द्यायचा, एवढा बारीक की तो बाजूने बाहेर येणार नाही. असे चार कोपरे लावले की फोटो पक्का बसतो आणि गोंदाचा थेंबही त्याला लागत नाही. उद्या स्कॅन करायचा झाला किंवा कुणाला मागची तारीख बघायची असली, तर अलगद बाहेर काढता येतो. वहीची पानं कापताना ज्या चिंधोट्या पडतात, त्या मी याच कामासाठी एका जुन्या पेढ्यांच्या डब्यात साठवते. फक्त डबा आधी धुऊन कोरडा करा, तुपाचा अंशही कागदाला चालत नाही.

कोणताही कागद फोटोखाली घालणे

वर्तमानपत्राचा कागद दोन-तीन महिन्यांत पिवळा का पडतो? त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की त्याचा रंग बदलतो, कागद आंबटतो, आणि हा आम्लपणा शेजारच्या कागदातही उतरतो. खोक्यांचे करडे पुठ्ठे याच जातीचे. त्यामुळे दहावीच्या निकालाचं कात्रण किंवा आजोबांच्या निधनाची बातमी फोटोला लागून लावू नका. कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती वहीत लावा आणि मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात ठेवा.

लग्नपत्रिकांची गंमत अशी की त्या दिसतात भक्कम, पण लाल आणि जांभळ्या पत्रिकांचा रंग अनेकदा सुटतो. पत्रिका वापरण्याआधी कानाची काडी ओली करून मागच्या कोपऱ्यावर घासा. कापसाला रंग लागला तर ती पत्रिका फोटोच्या आसपासही नको. रंग सुटला नाही तर तिचे गणपती, कलश, नावांची सोनेरी अक्षरं कापून पानाच्या कडेला लावा, छान दिसतात. भुरभुरणारी चमकी असेल तर ती पत्रिका सोडून द्या, तिचे कण फोटोवर ओरखडे काढतात.

पानांसाठी मात्र थोडे पैसे खर्च करा, असंच मी सांगेन. पुण्याच्या शिवाजीनगरात १९४० पासून असलेल्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांपासून कागद होतो. सुती कागदात लाकडाचा लगदा नसतो, म्हणून तो टिकाऊ. तो मिळाला नाही तर चित्रकलेच्या दुकानात ‘अ‍ॅसिड-फ्री’ लिहिलेला १५० ते २०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद मागा. नेहमीचा झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, तो फोटोच्या वजनाने वाकतो.

पावत्या, तिकिटं आणि सोनोग्राफीचा कागद

वाहकाच्या मशीनमधून निघणारं आजचं एसटीचं तिकीट, हॉटेलचं बिल, एटीएमची चिठ्ठी, हे सगळं उष्णतेने छापलेलं असतं. त्यात शाई नसतेच, त्यामुळे काही वर्षांत कागद कोरा होतो. बाळाच्या सोनोग्राफीचा तो पहिला करडा फोटोही बहुधा असाच असतो, आणि हे ठाऊक नसल्याने कित्येक आया तो जपून म्हणून लॅमिनेट करायला देतात. लॅमिनेशनच्या गरम रोलरखाली तो काळाठिक्कर पडतो. असे कागद हातात आले की त्याच आठवड्यात स्कॅन करा किंवा झेरॉक्स काढा. जुनी पोस्टकार्डं, निळी आंतर्देशीय पत्रं, पूर्वी येणाऱ्या तारा किंवा रेल्वेची पुठ्ठ्याची छोटी तिकिटं असतील, तर ती मूळ रूपातच ठेवा. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे घरातली एखादी तार सापडली तर तिला गोंद मुळीच लावू नका. कोपऱ्यांत बसवा.

अक्षता, हळदकुंकू, गजरा

अक्षता म्हणजे तांदूळ, त्यांना कीड लागणारच. ठेवायच्याच असतील तर छोट्या काचेच्या कुपीत, वहीपासून वेगळ्या ठेवा. हळदकुंकवाची बोटं लावलेल्या पत्रिकेचा रंग समोरच्या पानावर उमटतो. तिच्यावर ट्रेसिंग पेपरचं एक पान घाला. हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो, तेव्हा असं पान भिंतीवर टांगू नका.

फुलं ओलसर असताना वहीत घातली तर बुरशी ठरलेली. टीपकागदात घालून जाड पुस्तकांखाली दोन-तीन आठवडे दाबा आणि कागद दर दोन-तीन दिवसांनी बदला. मोगरा तपकिरी होतो, त्याला इलाज नाही. बकुळ मात्र वाळल्यावरही वास धरून ठेवते. माझ्या आईच्या आईचा बकुळीचा वळेसर आम्ही कागदाच्या पाकिटात घालून वहीच्या शेवटच्या पानाला जोडला आहे. पाकीट उघडलं की अजून तिच्या खोलीत गेल्यासारखं वाटतं.

साडीच्या काठांबाबत एवढंच की जरीच्या तारा धातूच्या असतात, त्या काळ्या पडतात आणि फोटोला घासतात. काठ पानाच्या बाहेरच्या कडेला किंवा वहीच्या वेष्टणाला लावा. शिवून लावा, चिकटवू नका.

मूळ फोटो कापणे

गोल, बदाम, चांदणी अशा आकारांत फोटो कापायचा मोह होतो. माझी कळकळीची विनंती आहे, मूळ फोटोला कात्री लावू नका. आमच्या घरात १९७० च्या सुमाराचा एक फोटो आहे. त्यात आजी ओट्याशी उभी आहे. लहानपणी आम्हाला त्यात फक्त आजी दिसायची. आता दिसतं ते भिंतीतलं शिसवी फडताळ, पितळेचा स्टोव्ह, खुंटीवरची आजोबांची टोपी आणि दिनदर्शिकेचं पान. त्या पानावरच्या महिन्यामुळे फोटो कधीचा ते कळलं. गोल कापला असता तर हे सगळं केरात गेलं असतं. झटपट निघणाऱ्या पोलरॉइड फोटोंना तर कधीच कात्री लावू नये, त्यांच्या थरांमध्ये रसायनं असतात.

आकार हवेच असतील तर आधी स्कॅन करा. छोट्या फोटोंना ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके) ठेवा, म्हणजे मोठी प्रत काढतानाही तपशील टिकतात. मग प्रतीला खुशाल कात्री लावा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो बंद कपाटातही लालसर होत जातात, म्हणून स्कॅनिंगची सुरुवात त्यांच्यापासून करा. आजीआजोबांचे कृष्णधवल फोटो त्या मानाने चिवट असतात.

बिघडलंच तर

वही फुगून तिचं तोंड मिटत नसेल, तर दोष बांधणीत आहे. पानांवर वस्तू चढल्या की पुढची बाजू जाड होते आणि पाठ बारीकच राहते. दर दोन पानांमध्ये पाठीच्या बाजूला दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीची जाड कागदाची पट्टी घाला आणि पानांना भोकं पाडून दोऱ्याने बांधा. पट्टीसाठी उरलेल्या पत्रिका उत्तम, ती फोटोला टेकत नाही.

जुन्या चिकट पानांच्या अल्बमात फोटो अडकले असतील, तर आधी आहे तिथेच त्यांची प्रत काढा. त्यानंतर दात साफ करायचा बारीक दोरा फोटोच्या कोपऱ्याखाली घालून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे ओढत न्या. अडलं की थांबा. वरचं प्लास्टिक पीव्हीसीचं असेल तर त्याला नव्या रेनकोटसारखा वास येतो. ते बदलून पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. दोन फोटो एकमेकांना चिकटले असतील तर माझ्यासारखं ओढू नका. दोन्हींच्या पाठींची नोंद घेऊन जाणकाराकडे जा.

पांढरी बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसायची घाई नको, ती चोळून आत जाते. वही सावलीत वाऱ्यावर उघडी ठेवा, पूर्ण कोरडी झाल्यावर घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशने झटका. पावसाळ्यात वही बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकला आणि फोटोंना चांगली नाही.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा कित्येक घरांतले अल्बम चिखलात गेले. पाण्यातून निघालेल्या फोटोंचा गठ्ठा उन्हात तसाच वाळू दिला की त्याची वीट होते. स्टुडिओतले छापील फोटो ओले असतानाच सुटे करावेत, स्वच्छ गार पाण्यात हलकेच बुडवून चिखल जाऊ द्यावा, चित्राला बोट न लावता सुती कापडावर चेहरा वर करून सावलीत वाळवावेत. दोन दिवसांत हे जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत, पुढे सवडीने सोडवता येतात. घरच्या प्रिंटरवर छापलेले फोटो मात्र पाण्यात बुडवू नयेत, त्यांची शाई विरघळते.

नावं न लिहिणे

‘आजी, गणपतीत’ असं लिहून आपण मोकळे होतो. कुणाची आजी? कोणत्या गावचा गणपती? आपल्याकडे यात एक जास्तीचा घोळ आहे. लग्नात पुष्कळ घरी मुलीचं नावही बदलायचे. म्हणून फोटोच्या मागे ‘कुसुम’ लिहिलेलं असतं आणि घरात मात्र सगळे तिला ‘सुधाकाकू’ म्हणून ओळखतात. दोघी एकच, हे सांगणारं माणूस गेलं की त्या दोन वेगळ्या बायका होतात. तेव्हा माहेरचं नाव, सासरचं नाव, घरातलं हाक मारायचं नाव, गाव आणि अंदाजे साल, एवढं लिहाच. फोटोच्या मागे बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढे उठून दिसतं. जुन्या कागदी फोटोंवर मऊ पेन्सिल चालते, नव्या गुळगुळीत फोटोंवर ती उमटत नाही, तिथे फोटोखालच्या पानावर लिहा.

गेल्या मे महिन्यात ऐंशी पार केलेल्या आत्याला समोर बसवून मी चाळीस फोटो दाखवले आणि मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड केलं. एका फोटोत तिला माणसं ओळखू येईनात, पण मागचा जिना बघून तिने वाडा सांगितला, वाड्यावरून बिऱ्हाडकरू आठवले, आणि तिथून सगळी नावं घडाघडा आली. चार चेहरे तरीही राहिले. त्या फोटोखाली मी पेन्सिलने लिहिलं आहे, ‘डावीकडचे दोघे आजोबांच्या कचेरीतले असावेत, आत्या म्हणते तात्यांना विचार.’ तात्या नाशकात असतात. येत्या शनिवारी वही घेऊन त्यांच्याकडे जायचं आहे.