इंटर्नशिपची फाईल चोख होती, पण…

विभागात सगळ्यांत नवीन मी, म्हणून इंटर्नशिप समन्वयकाचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या वर्षी मी फक्त टपाल वाहिलं. मुलांची पत्रं कंपन्यांना, कंपन्यांची प्रमाणपत्रं परीक्षा विभागाला. फाईल एकदम चोख.

एका विद्यार्थिनीचा अहवाल इतका देखणा होता, की मी मनात गुण ठरवूनही टाकले होते. तोंडी परीक्षेत सहज विचारलं, ''आठ आठवडे नेमकं काय केलंस गं?'' ती घुटमळली. ''मॅडम, जुनी बिलं स्कॅन केली. रोज.'' अहवालातलं बाकी सगळं कंपनीच्या वेबसाइटवरून आलेलं. तिला काय बोलणार? तिथं तिनं काय शिकायचं हे तिला, कंपनीला आणि मला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून विद्यार्थी कामावर जायच्या आधी एक पानाचा शिक्षण-करार होतो. सह्या तिघांच्या: विद्यार्थी, तिथला मेंटॉर आणि मी. नव्या समन्वयकांनी यातल्या क्रियापदांवर अडून बसावं. 'कामाची ओळख होईल' असलं काही चालवून घेऊ नका. 'ग्राहकांच्या तक्रारी वाचून कारणांनुसार वर्गवारी करेल' असं लिहिलं, की स्कॅनरपाशी बसवायची सोय उरत नाही. मेंटॉर 'गरजेप्रमाणे काम' असं लिहून पाठवतातच. कागद परत पाठवायचा. दोनदा पाठवला तरी कुणी रागावत नाही, हा माझा अनुभव.

गुणांचं म्हणाल, तर वक्तशीरपणा आणि वागणूक मेंटॉरनं तपासावी. विषयाची समज आपण. सगळंच त्यांच्यावर सोडलं तर सरसकट दहापैकी नऊ येतात.

शिकता शिकता कामावर जायची ही पद्धत काही आजची नाही. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या मुलांना आलटून-पालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये याच धर्तीवर सुरू झालं. यातलं 'आलटून-पालटून' फार मोलाचं. कामावर पडलेला प्रश्न घेऊन मूल पुन्हा वर्गात येतं. आम्ही मात्र इंटर्नशिप शेवटच्या सत्रात ढकलली होती. प्रश्न आणणार कुठे? वर्गच संपलेला! ती मधल्या वर्षात आणायला अभ्यास मंडळाच्या तीन बैठका लागल्या. त्यात मुलांच्या कामाच्या जागी शिक्षकानं द्यायच्या भेटींचे तास त्याच्या कार्यभारात धरून घेणं सगळ्यांत अवघड गेलं. पण ते झालं नाही तर दुसऱ्या वर्षी भेटीला कुणी जात नाही.

आणि हो, बिनपगारी जागांवर विसंबू नका. ज्यांना कमावणं भाग आहे ती मुलं आपोआप गळतात. कुणी आधीच नोकरी करत असेल, तर त्याच कामावर करार करता येतो.

रोजची लॉगबुकं मी बंद केली. एका मुलानं सलग अकरा दिवस 'आज मीटिंगला बसलो' लिहिलं होतं. आता आठवड्याला एकच प्रश्न: वर्गात शिकलेलं काय इथं चाललं नाही? एकानं लिहिलं, 'सरासरी काढायला शिकलो होतो. इथं निम्मे रकाने रिकामे. रिकामं म्हणजे शून्य की नोंदच नाही, हे विचारत तीन टेबलं फिरलो.'

मी ते पान आमच्या संख्याशास्त्राच्या मॅडमना दाखवलं. पुढच्या सत्रात त्यांनी सरावाला दिलेल्या तक्त्यात मुद्दाम रिकामे रकाने ठेवले होते.